फुंकणीपाशी उभं राहून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'फुंकणी' म्हटलं की कोकणातल्या माणसाला आधी चूल आठवते. ओलं लाकूड, डोळ्यांत गेलेला धूर आणि लोखंडी नळीतून निखाऱ्यावर घातलेली लांब फुंकर. सोनाराकडेही एक बारीक, टोकाशी वाकलेली फुंकणी असते. दिव्याची ज्योत तो तिच्या साह्यानं डाक लावायच्या नेमक्या जागी वळवतो. तिसरी फुंकणी काचवाल्याची. चार-पाच फूट लांब, आतून पोकळ. पहिल्या दोन फुंकण्या विस्तवाला वारा घालतात. ही तिसरी, विस्तवातून काढलेल्या वस्तूच्या पोटातच वारा भरते आणि त्या वस्तूला आकार येतो. श्रोतेहो, आज मला या तिसऱ्या फुंकणीविषयी बोलायचं आहे. त्यातही फुंकणाऱ्याइतकंच, त्याच्या बाजूला उभं राहून बघणाऱ्यांविषयी.

हा विषय म्हसळ्याच्या माणसानं का घ्यावा, असं कुणी विचारेल. म्हसळ्यात काचेचा कारखाना नाही. आमच्याकडे काच यायची ती कासाराच्या बांगड्यांतून, गोटी सोड्याच्या बाटलीतून, अत्तराच्या कुपीतून आणि कंदिलातून. पण जरा नकाशा उघडून बघा. राजपुरीची खाडी जंजिऱ्याला वळसा घालून आत शिरते आणि पुढे तिला दोन फाटे फुटतात. एक म्हसळ्याकडे येतो, दुसरा मांदाडकडे जातो. संस्थानी काळात म्हसळे हा जंजिऱ्याच्या नबाबाचा एक महाल होता, हे आपल्याला ठाऊक असतं. मांदाड मात्र त्याहून पुष्कळ जुनं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषक दर्यावर्दीनं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावानं ती प्रसिद्ध आहे. त्यात सेमिल्ला म्हणजे आपलं चौल आणि त्याच्या दक्षिणेला मंदगोरा अशी नावं येतात. हे मंदगोरा म्हणजेच मांदाड, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. मांदाडजवळच्या कुडा लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे या खाडीच्या काठी हाताला काम आणि गाठीला पैसा असलेली माणसं तेव्हा राहत होती.

त्याच पेरिप्लसमध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्या यादीत, दारू, तांबं, कथील, पोवळं यांच्या जोडीला, 'कच्ची काच' आहे. म्हणजे काचेची भांडी नव्हेत, तर वितळवून पुन्हा घडवता येतील असे काचेचे ढेकळासारखे तुकडे. ही काच कुणी तरी विकत घेत होतं, याचा अर्थ ती इथे कुणाला तरी वितळवता येत होती. तेर, पैठण, नेवासे इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्या सापडल्या आहेत. आपल्याकडचा जुना कारागीर काच ओढत होता, वळवत होता, छेदत होता. फुंकत मात्र नव्हता, निदान तेव्हा तरी. फुंकून भांडं करण्याची युक्ती भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइनच्या परिसरात निघाली. जेरुसलेममध्ये काचकामाचा जो टाकाऊ ढीग सापडला, त्यात नळीच्या टोकाशी फुगवलेल्या काचेचे तुकडे होते आणि तो ढीग इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या मध्यावरचा आहे. पेरिप्लसचा लेखक आपल्या किनाऱ्यावरून गेला तेव्हा ही युक्ती निघून जेमतेम शंभर वर्षं झाली होती. माल आला, माल बनवणारा आला नाही. मला या साऱ्या इतिहासाची मेख इथे वाटते. काच गलबतात भरता येते. फुंकर कशी भरणार?

फुंकर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते ती शेजारी उभं राहून बघितल्यानंच. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांना हे चांगलं कळलं होतं. १२९१ साली त्यांनी शहरातल्या काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कारण दिलं आगीचं, आणि ते खोटं नव्हतं. दाट वस्तीत अष्टौप्रहर पेटलेली भट्टी म्हणजे धोकाच. पण बेटावर एक सोय आपोआप झाली. कोण येतं, कोण बघतं, यावर नजर ठेवता येऊ लागली. पुढे तिथल्या कारागिरांना परमुलखात जाऊन धंदा करायला बंदी झाली. १६१२ साली फ्लॉरेन्समध्ये अंतोनियो नेरी या धर्मोपदेशकानं काचेवरचं पहिलं छापील पुस्तक काढलं. क्षार कसे शुद्ध करावेत, कुठली भुकटी घातली म्हणजे कोणता रंग उतरतो, अशा कृती त्यात आहेत. पाककृतीच्या पुस्तकासारखंच ते. पण पुस्तक वाचून पुरणपोळी येत नाही, ती आजीशेजारी बसल्यावर येते, हे घराघरांत माहीत आहे. काचेचंही तेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे आधुनिक काच कारखाने काढायचे प्रयत्न झाले, त्यांतले बरेचसे याच ठिकाणी अडखळले. भांडवल उभं राहिलं, भट्टी उभी राहिली, युरोपातून तज्ज्ञ आणि फुंकणारे आणले. त्यांचा पगार मोठा, आणि आपली विद्या नेटिवाच्या हाती देण्यात त्यांना काय स्वारस्य? ते परत गेले की भट्टी थंड. तोवर इथल्या बाजारात ऑस्ट्रियाच्या बांगड्या, जर्मनीच्या चिमण्या आणि जपानी मणी भरलेले होतेच.

या पार्श्वभूमीवर पैसाफंड उभा राहतो. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना. प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून स्वदेशी उद्योग उभारावा. आज ऐकायला सोपं वाटतं. हिशेब करून बघा. तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे चौसष्ट माणसांच्या दारात उभं राहावं तेव्हा वर्षाचा एक रुपया जमणार. लोकमान्य टिळकांनी आणि 'केसरी'नं या कल्पनेच्या पाठीशी आपलं वजन टाकलं. १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. कारखान्याची तांत्रिक बाजू ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे आली. हे संयुक्त प्रांतातले, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातले. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले. पुढे त्यांनी त्याच प्रांतात बहजोई इथे मोठा काच कारखाना काढला.

तळेगावच्या या कारखान्याबद्दल बोलताना आपण 'स्वदेशीचं प्रतीक' वगैरे शब्द वापरतो आणि पुढे जातो. मला तो कारखाना म्हणून कमी आणि शाळा म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे पोरं भट्टीपाशी उभी राहिली. त्यांनी बघितलं, नळी हातात घेतली, गोळे खाली पाडले, पुन्हा उचलले. तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या निरनिराळ्या काच कारखान्यांत पोचले. मुरानोनं जे सातशे वर्षांपूर्वी बेटात कोंडलं, ते इथे लोकांच्या एकेका पैशानं उघड्यावर मांडलं गेलं. ज्यानं पैसा दिला त्याला त्याचा नफा कधीच मिळणार नव्हता, आणि देणाऱ्याला ते माहीत होतं.

१९१४ साली युरोपात महायुद्ध पेटलं. जर्मनी-ऑस्ट्रियाची काच यायची बंद झाली. घरोघरच्या दिव्याला चिमणी मिळेना, दवाखान्याला बाटली मिळेना. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाड स्टेशनजवळ काच कारखाना काढला. जागा औंध संस्थानची. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याआधीच किर्लोस्करांना माळरान देऊन किर्लोस्करवाडी वसू दिली होती, तशीच आता ओगलेवाडी वसली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हे इथे सांगितलं पाहिजे. रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली. संस्थानिकांच्या शिकारी आणि मोटारी पुष्कळ ऐकायला मिळतात. कुंचला हातात धरणाऱ्या या राजाला नांगर घडवणारे आणि काच घडवणारे आपल्या जवळचे वाटले असावेत, असा माझा आपला समज आहे.

ओगल्यांच्या कारखान्यातून पुढे 'प्रभाकर' कंदील निघाला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचं नाव, आणि सूर्याचंही. नाव ठेवावं तर असं! कंदील ही वरकरणी पत्र्याची वस्तू, पण तिचा जीव त्या मधल्या काचेत. ती काच तेव्हा फुंकरीनंच व्हायची. नळीच्या टोकाचा तापलेला गोळा साच्यात धरायचा आणि फुंकत फुंकत फुगवायचा. वर-खाली तोंडं कापायची, कडा विस्तवावर गुळगुळीत करायच्या आणि मग ती काच एका उबदार भट्टीतून सावकाश निववायची. घाईनं थंड केली तर आत ताण राहतो आणि दिवा लावल्याबरोबर तडकते. वाऱ्या-पावसात, शेताच्या बांधावर, गोठ्यात, होडीत हा कंदील टिकायचा. आमच्या वाडीत वीज आली नव्हती तेव्हा तिन्हीसांजेच्या आधी घरातल्या लहान मुलाला कंदिलाची काच पुसायला बसवत. कारण साधं होतं. मोठ्यांचा हात आत जात नसे. चुलीतली राख, जुनं धोतर आणि तोंडाची वाफ. तेव्हा आपण जी वाफ बाहेरून देतोय, तशीच कुणी तरी आतून दिली म्हणून ही काच झाली, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! पण काचेत एखादा बारीक बुडबुडा असायचा, तांदळाच्या कणीएवढा. कंदील लावला की तो चमकायचा.

मला काच फुंकताना प्रत्यक्ष बघायला मिळाली ती फार पुढे, चित्रकला शिक्षकाचं प्रशिक्षण घ्यायला मुंबईत राहत होतो तेव्हा. उपनगरातल्या एका छोट्या कारखान्यात चिमण्या आणि बरण्या होत. शिकवणाऱ्या सरांनी 'माणसं काम करत असताना त्यांची रेखाटनं काढून आणा' म्हणून सांगितलं होतं. सगळे स्टेशनावर हमाल काढायला गेले, मी इथे आलो. फुंकणारे बहुतेक फिरोजाबादकडचे. भट्टीला गोल तोंडं, आत मातीच्या मुशी, आणि मुशीत काच. ती काच डोळ्यांना दिसत नाही, नुसता उजेड दिसतो. एक जण नळीचं टोक त्या उजेडात बुडवून फिरवत फिरवत गोळा घेई. दुसरा तो लोखंडी पाट्यावर लोळवून एकसारखा करी. मग मुख्य कारागीर नळी तोंडाला लावी. गाल फुगवून जोरात फुंकत असतील अशी माझी कल्पना होती. तसं काही नव्हतं. आपण दुधावरची साय बाजूला करायला फुंकतो ना, तेवढीच ती फुंकर. नळीच्या दुसऱ्या टोकाशी मात्र लिंबाएवढ्या गोळ्याचा पेरू होई, पेरूचा नारळ होई.

आणि नळी सतत फिरत असे. बोलताना, घाम पुसताना, एकानं दुसऱ्याच्या हाती देताना, एक क्षण थांबत नसे. तापलेली काच काकवीसारखी असते. थांबलात की ती खाली लोंबते. कधी ती नळी हवेत लंबकासारखी झुलवत, म्हणजे गोळा लांबट होई. वजनाला विरोध करायचा नाही, त्यालाच कामाला लावायचं.

माझ्या वहीत तासाभरात काहीच उतरलं नाही. मी वस्तू काढायला जात होतो आणि कागदावर कोळसा टेकेपर्यंत ती वस्तू बदललेली असे. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझी तारांबळ बघितली. "हाथ मत देखो बाबू, रंग देखो," एवढंच म्हणाला. मग मी रंग बघू लागलो. भट्टीतून निघताना पिवळट पांढरा, मग नारिंगी, मग लाल, मग तो लालही विझत जाई. नारिंगी असेतोवर काच ऐकते, लाल झाली की कुरकुरते, पुढे ऐकत नाही. मग ती पुन्हा भट्टीच्या तोंडाशी. कारागिराच्या सगळ्या हालचाली या रंगाच्या घड्याळावर चाललेल्या होत्या. कधी फुंकायचं हे रंग ठरवत होता, कधी थांबायचं हेही. हे उमगल्यावर माझी रेषा सुटली. आकाराची बाहेरची कड धरून न जाता मी आतून सुरुवात केली, जिथे फुंकर पोचते तिथून. रेषा बाहेर ढकलत नेली आणि थांबवली.

पुढे म्हसळ्याला शाळेत शिकवायला लागल्यावर हेच मी मुलांना दिलं. आमच्या परीक्षांना स्थिरचित्रात मडकं हमखास असे. पद्धत अशी की, मधोमध उभी रेघ काढायची, दोन्ही बाजूंना मापं टाकायची, डावं उजव्याशी जुळवायचं. अशी मडकी बिनचूक येत आणि मेलेली दिसत. मी मुलांना सांगे, पेन्सिल मधोमध ठेवा, श्वास घ्या, आणि सोडता सोडता मडकं फुगवा. श्वास संपला की हात थांबला पाहिजे. पहिली दहा मडकी वेडीवाकडी होत. अकराव्यात पाणी राहील असं वाटे. परीक्षेत मापाचंच मडकं काढा, हेही मी त्यांना बजावून सांगे. शेवटी गुण परीक्षक देतो.

बघता बघता काही सुचणं, हे काही माझ्या एकट्याचं नाही. बर्ट हान्स्त्रा नावाचे डच चित्रपट दिग्दर्शक लीरडाम इथल्या काच कारखान्यावर एक माहितीपट करत होते. ते काम करता करता त्याच भट्ट्यांपाशी त्यांनी आणखी एक, स्वतःच्या मनासारखा लघुपट केला. 'ग्लास' असं त्याचं नाव, साल १९५८, लांबी अकरा मिनिटांच्या आसपास. त्यात निवेदन नाही. आहेत फुगलेले गाल, नळ्यांवरून फिरणारी बोटं, आणि त्यांच्यावर जुळवलेलं जॅझ संगीत. बघताना वाटतं, ही माणसं काच करत नसून सनई-क्लॅरिनेट वाजवताहेत. मग चित्रपट यंत्राकडे वळतो. बाटल्या ठेक्यात, एकसारख्या पुढे सरकताहेत. आणि एका बाटलीचं तोंड तुटतं, ती अडकते, आणि मागून येणाऱ्या बाटल्या एकापाठोपाठ एक आपटून फुटत राहतात. यंत्र आपलं चालूच! शेवटी एक माणूस येऊन ते सोडवतो. या लघुपटाला ऑस्कर मिळालं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की, हान्स्त्रांनी भट्टीपाशी कविता शोधली नाही. तिथे ठेका आधीपासूनच होता, तो त्यांच्या कानांनी ऐकला.

अमेरिकेत हार्वे लिटलटन यांनी १९६२ साली टोलेडो इथे लहानशी भट्टी उभारून कलावंतांनी स्वतः काच फुंकावी म्हणून कार्यशाळा घेतल्या. तोवर रिवाज असा की, कलावंतानं कागदावर आकृती काढायची आणि कारखान्यातल्या कारागिरानं ती फुंकायची. लिटलटन हे मुळात मातीकाम करणारे. मुरानोच्या भट्ट्या बघून आल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की, चाकावर माती स्वतःच्या हातानं चढवायची तर काच का नाही? आज जगभर काचेची शिल्पं दिसतात, त्यांतला बराचसा ओघ त्या कार्यशाळांतून आला.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाता येत नाही. बघणाऱ्याला प्रेरणा मिळते आणि फुंकणाऱ्याला काय मिळतं? भट्टीजवळची हवा अशी की, दहा मिनिटांत माझा सदरा अंगाला चिकटला. तिथे ती माणसं आठ-आठ तास होती. तयार झालेली काच निववायच्या भट्टीकडे धावत नेणारी मुलं दहा-बारा वर्षांची. १९४८चा फॅक्टरी कायदा चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवायला मनाई करत होता. तो कायदा माझ्याहून वयानं मोठा, आणि ती मुलं माझ्यासमोर धावत होती. फिरोजाबादच्या काचधंद्यातल्या बालमजुरीचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काचेवर लिहिताना 'पारदर्शी सौंदर्य' असले शब्द सहज सुचतात. त्या सौंदर्याचा ताप कुणाच्या अंगावर पडला हे त्याच वाक्यात यायला हवं.

आणि नावं. पैसाफंडाचा इतिहास वाचताना टिळक भेटतात, अंताजीपंत भेटतात, वार्ष्णेय भेटतात. ओगलेवाडीच्या इतिहासात ओगले बंधू आणि औंधचे राजे भेटतात. हे सगळे मोठेच लोक, त्यांचं श्रेय त्यांना मिळालंच पाहिजे. पण तळेगावात ज्यानं पहिली सरळ चिमणी फुंकली त्याचं नाव मी वाचलेल्या कुठल्याही पानावर नाही. त्याच्या पुढच्या मुलानं त्याच्याकडे बघून ती फुंकली, त्याचंही नाही. आपण कुडा लेण्यांना मागासलेल्या काळाची खूण समजतो. तिथे मात्र माळ्याचं नाव माळी म्हणून दगडात कोरलेलं आहे, ते दोन हजार वर्षं टिकलं.

ओगलेवाडीचा कारखाना बंद पडून आता पुष्कळ वर्षं लोटली. विजेनं कंदिलाचं काम काढून घेतलं, यंत्रानं फुंकरीचं. यात गळा काढण्यासारखं काही नाही. म्हसळ्याच्या बाळंतिणीला विजेचा दिवा हवाच होता. मुंबईतल्या मोठ्या विज्ञानसंस्थांतून प्रयोगशाळेची उपकरणं फुंकून देणारे कारागीर असत. शास्त्रज्ञ कागदावर नळ्यांचं जाळं काढून आणी आणि हे ते जाळं ज्योतीवर उभं करत. तिथेही आता बरंचसं तयार, साचेबंद मिळतं. मला काळजी वाटते ती वेगळीच. एकाच्या हाताकडे दुसऱ्यानं बघण्याची जी साखळी तळेगावात लोकांच्या पैशांतून जोडली गेली, तिच्यात खंड पडला की ती पुस्तकातून पुन्हा जोडता येत नाही. जोडायची तर पुन्हा कुणाला तरी परमुलखात जाऊन वार्ष्णेयांसारखं उभं राहावं लागेल.

निवृत्तीनंतरही शाळेतली मुलं घरी येतात. मधे एकानं विचारलं, "सर, दिवेआगरच्या वाळूची काच होईल का?" प्रश्न मला फार आवडला. वाळू हाच काचेचा मूळ जिन्नस, जोडीला सोडा आणि चुना. पण आपल्या किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा आणि लोहाचे काळे कण. लोह आलं की काच हिरवी होते, जुन्या बाटल्यांसारखी. काचेला चालणारी पांढरी वाळू आपल्या कोकणात आहे, पण खाली सिंधुदुर्गात, कासार्डे भागात. ती ट्रक भरभरून कारखान्यांना जाते. मुलं खट्टू झाली. मग त्यांनी मोबाइलवर परदेशातल्या काच फुंकणाऱ्याचं चित्रण शोधून काढलं आणि सगळी डोकी त्यावर वाकली.

त्यातली सातवीतली एक मुलगी आवाज बंद करून तेच तेच पुन्हा बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "सर, हे नळी फिरवायचं थांबतच नाहीत का हो?" मी तिला म्हटलं, घरी काकवी असेल तर काठी बुडवून बघ. काठी आडवी धर आणि फिरवत राहा, काकवी पडणार नाही. मग थांब. दुसऱ्या दिवशी ती आली ती हातात वही घेऊन. काठीच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबाची सात चित्रं तिनं ओळीनं काढली होती. पहिलं गोल, शेवटचं तुटायच्या बेतात असलेलं. मागोमाग तिची आई आली. जमिनीवरचे काकवीचे डाग आणि त्यांना लागलेल्या मुंग्या कोण पुसणार, हे तिला माझ्याकडून ऐकायचं होतं.